पट

शनिवारी साडेअकराला मुलांची शाळा सुटते
आणि आमची भरते.
दुसरीच्या बाकांवर आम्ही,
गुडघे पोटाशी,
पुढ्यात कुणाच्या तरी कंपासनं कोरलेलं नाव.

पहिल्या बैठकीला तिघंच होतो :
मी, अंबडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा दौलत कडाळे,
आणि मुमताजआपा, जिला वाटलं होतं
गणवेशाचे पैसे मिळणारेत.
देवरे मॅडमनी चहा सहा जणांचा मागवला होता.
दोन-दोन कप प्यायलो.

फळ्यावर लिहिलेलं : पट १७.
मला पट ठाऊक तो सोंगट्यांचा.
मॅडम म्हणाल्या, वीसच्या खाली राहिला तर...
आणि डस्टर उचललं.
पुढचं त्यांनी पुसूनच सांगितलं.

रविवारी चुंचाळ्याच्या चाळी फिरलो, दारोदार.
मोफत पुस्तकं, मोफत खिचडी, बाई चांगल्या आहेत,
पाठ केलेलं सगळं बोलून झालं.
पत्र्याच्या एका घरात क्रिकेट चालू होतं.
म्हातारबांनी आवाज कमी केला, विचारलं,
'तुमची पोरं जातात का त्याच शाळेत?'

माझी उन्नती जाते, मी म्हणाले.
आपा म्हणाली, दोघं.
दौलत चपलेचा अंगठा बघत राहिला.
त्याचा धाकटा पिवळ्या बसनं जायचा,
टाय लावून,
फी तीन हप्त्यांत.
म्हातारबांनी आवाज परत वाढवला.

येताना तो आमच्या पुढं पुढं चालला.
मंगळवारी दाखला काढून आणला.
बायको चार दिवस बोलली नाही म्हणे.
डबा द्यायची,
भाजीत मीठ नसायचं.
पट १८.

आता गुरुवारी आमच्यातलं कुणीतरी वर्गात असतं.
आपा मापाची टेप घेऊन येते,
सगळ्यांची उंची घेते, भिंतीवर खुणा करते.
ज्याच्या अंगात काही चैन पडत नाही असा साहिल
तिच्यापुढं ताठ उभा राहतो,
श्वाससुद्धा घेत नाही,
अर्धा इंच जास्त भरावा म्हणून.

मी सातवी नापास. मी काय शिकवू?
मॅडम म्हणाल्या, तुम्ही काय करता ते सांगा.
मी म्हटलं, द्राक्षं भरते.
पाचशे ग्रॅमचा डबा, साडेचार किलोची पेटी,
मणी सुटा पडला तर बाजूला,
देठ वर दिसला तर साहेब ओरडतो.
कुणीतरी विचारलं, पेटीत डबे किती?
मी तोंड उघडायच्या आत
माझे हात हवेत डबे लावून मोकळे झाले :
तीन, तीन, तीन.
'नऊ,' अख्खा वर्ग ओरडला.
मॅडमनी फळ्यावर साडेचार भागिले अर्धा असं लिहिलं
आणि मला पहिल्यांदा कळलं
की मी सतरा हंगाम भागाकार करत होते.

उन्नती मागच्या बाकावरून बघत होती.
घरी आल्यावर काही बोलली नाही.
रात्री वही माझ्याकडं सरकवली,
तपास म्हणाली.
मी चष्मा शोधत बसले,
जो माझ्याकडं नाहीच.

पट २० झाला, एक दिवस.
मग वीटभट्टीवरचं घर निफाडला गेलं,
दोन पोरं कमी.
मॅडमनी त्यांची नावं हजेरीतून खोडली नाहीत लगेच,
आठवडाभर पुकारत राहिल्या.
आम्ही अजून पत्रं लिहितोय, अर्ज देतोय,
महापालिकेतल्या शिपायाला आमची नावं पाठ झालीत.

बैठकीला आता अकरा-बारा जण असतात.
चहा सहाचाच.

काल सुटताना फाटकाशी ते म्हातारबा दिसले.
हातात कोथिंबिरीची जुडी.
सहज आलो होतो म्हणाले, बाजाराला.
बाजार त्या बाजूला आहे.
'नळाला पाणी येतं का हो इथं?'
येतं, म्हटलं, पावणेआठपर्यंत.
त्यांनी ते नीट ऐकून घेतलं,
जुडी या हातातून त्या हातात घेतली.

नातू फाटकाच्या गजांत नाक खुपसून उभा.
त्याला घंटा बघायची होती.
रुळाचा तुकडा आहे, म्हणाले.
वाजवून दाखवा, म्हणाला.